रक्तातील पाठभेद

रोग एकच असला म्हणजे त्याचे मूळही सर्वत्र एकच असले पाहिजे, आणि मूळ एकच असले म्हणजे ते हुडकण्याची एका देशात सिद्ध झालेली रीत दुसऱ्या देशातही जशीच्या तशी लागू पडली पाहिजे, अशी एक समजूत आधुनिक वैद्यकाच्या व्यवहारात फारशी छाननी न होता रूढ झाली आहे. पटकी, देवी यांसारख्या साथीच्या रोगांपुरती ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. कारण देवीवर जी लस लंडनात चालली तीच कलकत्त्यात आणि मनिलातही चालली. परंतु जे रोग बाहेरून येत नाहीत, आईबापांकडून वारशाने येतात, त्यांच्या बाबतीत ही समजूत अपुरी तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. थॅलेसेमिया हा असा रोग होय. आणि फिलिपाइन्समधील रुग्णांत त्याच्या बुडाशी जी जनुकीय विविधता आढळते ती नीट न्याहाळली, तर कोणत्याही लोकसमूहाला आपल्या रक्ताची नोंद आपल्या दप्तरी असल्यावाचून या रोगाशी सामना देता येत नाही, आणि ती नोंद ज्याच्या रक्तातून निघाली त्याच्या घरी पोहोचल्यावाचून तिला विद्येची प्रतिष्ठा देता येत नाही, ही दोन्ही विधाने आपोआप सिद्ध होतात.

विषयाचा पाया थोडक्यात सांगितला पाहिजे. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर वाहून नेते, आणि प्रौढ माणसात ते दोन अल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्यांचे बनलेले असते. अल्फा साखळीची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर, आईकडून दोन व बापाकडून दोन अशी एकूण चार असतात. बीटा साखळीची अकराव्या गुणसूत्रावर, प्रत्येकाकडून एक अशी दोन असतात. यांपैकी एका जातीच्या साखळ्या कमी पडल्या की दुसऱ्या जातीच्या साखळ्या जोडीवाचून उरतात, पेशीतच साकळतात, आणि पेशी वेळेआधी फुटते. बीटा जनुक दोन्हीकडून निकामी आले तर मूल जन्मतः सुदृढ दिसते, पण वर्षाच्या आतबाहेर फिकटू लागते, प्लीहा वाढते, आणि पुढे बहुधा आयुष्यभर ठराविक अंतराने दुसऱ्याचे रक्त घेणे व त्या रक्तातून साठणारे लोह औषधाने बाहेर काढणे याखेरीज त्याला गत्यंतर राहत नाही. डेट्रॉइट येथील टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने 1925 मध्ये अशा मुलांचे वर्णन प्रथम केले, आणि ती मुले भूमध्य समुद्राच्या काठच्या कुळांतली असल्याने हा त्याच किनाऱ्याचा रोग आहे असा ग्रह पुढे कित्येक वर्षे टिकला.

आता, जनुक निकामी होते म्हणजे काय होते? हस्तलिखित पोथ्यांची ज्यांना ओळख आहे त्यांना हे समजण्यास सायास पडणार नाहीत. एखाद्या प्रतीत लेखनिकाच्या हातून एक अक्षर बदलते आणि अर्थ फिरतो, तर दुसऱ्या एखाद्या प्रतीत सबंध पानेच गळालेली असतात. आणि ज्या अनेक प्रतींत नेमकी तीच पाने गळाली असतील त्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असे संशोधक निःशंकपणे म्हणतो. रक्तातील पाठभेदही याच दोन प्रकारचे आहेत. सार्डिनिया बेटात बीटा थॅलेसेमियाचे बहुतेक सर्व रुग्ण जनुकाच्या एकोणचाळिसाव्या स्थानी घडलेल्या एकाच अक्षरबदलाचे वारस आहेत. फिलिपाइन्समध्ये मात्र बीटा थॅलेसेमियाचे एक प्रमुख कारण अक्षरबदल नसून लोप आहे: बीटा जनुकासकट अक्षरांचा एक मोठा अखंड भाग गुणसूत्रातून नाहीसा झालेला असतो. हा भेद ‘फिलिपिनो लोप’ या नावाने शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला आहे, आणि त्याचे वर्णन 1993 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केले. मायदेशातील रक्ताचा दाखला परमुलखातील प्रयोगशाळेने प्रथम लिहावा, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अल्फा जनुकांच्या बाबतीत विविधता याहून उद्बोधक आहे. एका गुणसूत्रावरची दोन्ही अल्फा जनुके नाहीशी करणारे दोन मोठे लोप फिलिपिनो लोकांत आढळतात. एक दक्षिण चीनपासून थायलंडपर्यंत सर्वत्र पसरलेला, सुमारे 20 हजार अक्षरांचा, आग्नेय आशियाई म्हणून ओळखला जाणारा. दुसरा त्याहून लांब, 30 हजारांच्या घरातला, खास फिलिपिनो. रक्ताच्या सामान्य तपासणीत दोघांचे वाहक सारखेच दिसतात: प्रकृती ठणठणीत, पेशी मात्र लहान व फिकट. पण पुढच्या पिढीच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आहे. गर्भाच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत अल्फाचे काम झीटा नावाचे एक पूर्वगामी जनुक करीत असते. आग्नेय आशियाई लोपात हे जनुक शाबूत राहते. त्यामुळे आईबाप दोघांकडून तोच लोप आलेला गर्भ झीटाच्या तुटपुंज्या आधारावर महिनोन् महिने तग धरतो, त्याच्या सर्वांगात पाणी भरते, आणि प्रसूतीच्या सुमारास तो दगावतो. मातेलाही रक्तदाब, सूज आणि अतिरक्तस्राव यांचा गंभीर धोका संभवतो. फिलिपिनो लोपात झीटाही गेलेले असते. म्हणून दोन्हीकडून तोच लोप आला तर गर्भ मुळात रुजतच नाही, आणि घरच्या माणसांना एखादा अकाली गर्भपात यापलीकडे काही कळत नाही. परंतु आई एका लोपाची वाहक व बाप दुसऱ्याचा असेल, तर एका बाजूचे झीटा जिवंत असल्यामुळे पुन्हा तोच सर्वांगसूज आलेला गर्भ आणि तेच मातेवरचे संकट. सारांश, नुसते ‘अल्फा थॅलेसेमियाचे वाहक’ एवढे लिहून दाखला पुरा होत नाही; कोणता लोप, हे त्यात लिहिलेले नसेल तर दांपत्याला द्यावयाचा सल्लाच चुकण्याचा संभव आहे.

प्रयोगशाळेच्या मेजावर काय घडते ते जरा जवळून पाहिले म्हणजे परक्या यादीवर विसंबण्याचा धोका कळून येईल. अक्षरबदल ओळखण्याची एक प्रचलित पद्धत अशी: जनुकाचा नेमका भाग लक्षावधी पटींनी वाढवावयाचा आणि तो एका पट्टीवर सोडावयाचा, त्या पट्टीवर ज्ञात अक्षरबदलांचे व त्यांच्या निर्दोष रूपांचे ठिपके अगोदरच बसविलेले असतात, आणि जो पाठ नमुन्यात असेल त्याचा ठिपका रंगतो. समजा, एखाद्या मुलाला बापाकडून एक अक्षरबदल मिळाला आणि आईकडून फिलिपिनो लोप. आईच्या बाजूला वाढविण्याजोगे जनुकच नाही. म्हणून बापाकडचा सदोष ठिपका तेवढा रंगतो, निर्दोष ठिपका कोराच राहतो, आणि तंत्रज्ञ शिरस्त्याप्रमाणे लिहून मोकळा होतो की मुलाला तोच अक्षरबदल दोन्हीकडून आला आहे. मग आईची तपासणी होते, आणि तिच्यात तो अक्षरबदल सापडत नाही. जिथे अशा वेळी लोपाचा विचार कोणाच्या मनात येत नाही, तिथे नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय येतो. आणि हाच प्रकार उलट घडून बापाच्या रक्तात अक्षरबदल मिळाला नाही, तर संशय आईच्या शीलावर येऊन ठेपतो. दोन्हीकडून लोपच आला असेल तर पट्टीवर काहीच उमटत नाही, आणि खरे उत्तर ‘तपासणी फसली’ या शेऱ्याखाली दप्तरात गडप होते.

यावरचा तोडगा कठीण नाही. लोपाच्या दोन्ही टोकांबाहेर खुणा धरून मधला भाग वाढविण्याचा प्रयत्न केला, तर निर्दोष गुणसूत्रावर ते अंतर इतके मोठे असते की काहीच वाढत नाही, आणि लोप असलेल्या गुणसूत्रावर दोन्ही टोके जवळ आलेली असल्यामुळे नेमक्या लांबीचा तुकडा हाती येतो. 2000 च्या सुमारास एकाच नळीत अनेक अल्फा लोप तपासण्याच्या पद्धती प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत फिलिपिनो लोपालाही स्थान मिळाले. परंतु टोके कुठे आहेत हे अगोदर ठाऊक असल्याखेरीज खुणा धरता येत नाहीत, आणि ती ठाऊक व्हावयाची तर त्या लोकांतील रुग्णांचे रक्त कोणीतरी आस्थेने अभ्यासलेले असावे लागते. यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ते आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

प्रयोगशाळेच्या अलीकडे, दवाखान्यातही हीच उणीव वेगळ्या रूपाने आढळते. वाहकाच्या पेशी लहान व फिकट असतात. लोहाच्या कमतरतेतही त्या तशाच होतात. आणि गरीब देशात लोहाची कमतरता घरोघरी असल्यामुळे वैद्य पहिल्याच भेटीत लोहाच्या गोळ्या लिहून देतो. तीन महिन्यांनी पेशी तशाच, म्हणून पुन्हा गोळ्या. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिनचा ए-टू हा अंश साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेला असतो, त्यामुळे तो निदान हिमोग्लोबिनच्या विश्लेषणात तरी सापडतो. दोन अल्फा जनुके गमावलेल्या वाहकात मात्र तो अंश वाढत नाही, आणि अहवालावर ‘निर्दोष’ असा शेरा पडतो. पेशी लहान, लोह पुरेसे, ए-टू प्रमाणात, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आग्नेय आशियाई कुळातील माणसाच्या बाबतीत अल्फा लोपाची खातरजमा केलीच पाहिजे, हे साधे सूत्र वैद्याच्या अंगवळणी पडणे हे नव्या यंत्राच्या खरेदीहून अधिक मोलाचे आहे.

ही विविधता त्या मुलखात आली कशी? जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, म्हणजे पुढे भारताचे नागरिकत्व पत्करून 1964 मध्ये भुवनेश्वर येथे देह ठेवणाऱ्या त्याच शास्त्रज्ञाने, 1949 मध्ये असा तर्क मांडला की थॅलेसेमियाच्या वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे, आणि म्हणूनच हा दोष त्या प्रदेशांत टिकून राहिला असावा. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक दोषाच्या बाबतीत याला पुरावा दिला. 1986 मध्ये मेलानेशियात अल्फा थॅलेसेमियाचे प्रमाण हिवतापाच्या प्रमाणाबरोबर चढते-उतरते असल्याचे दिसून आले. फिलिपाइन्समध्ये हिवतापाचा मुख्य प्रसारक डास डोंगरांच्या पायथ्याशी, सावलीतल्या संथ, स्वच्छ ओढ्यांत वाढतो. अशा पायथ्यांना शतकानुशतके ज्यांनी वस्ती केली त्यांच्या वंशजांत या दोषांची शिल्लक राहिली असल्यास नवल नाही. म्हणजे आज ज्याला आपण दोष म्हणतो तो एके काळी जगण्याचा आधार होता. एका अपत्याच्या मृत्यूचा खर्च अनेकांच्या बचावाच्या जमेत वळता होत होता. हिवताप हटल्यावर जमा आटली, खर्च मात्र चालू राहिला.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकांची रक्तावरून प्रतवारी करणे ही वंशवादाचीच नवी आवृत्ती नव्हे काय? ज्या शतकाने रक्तशुद्धीच्या नावाखाली घोर अत्याचार पाहिले, त्याच्या वारसांनी ‘फिलिपिनो लोप’ असे शब्द निर्धास्तपणे वापरावे काय? याचे उत्तर त्या लोपाच्या भूगोलातच आहे. सुलू समुद्रापलीकडे बोर्निओच्या उत्तर भागातील सबाह प्रांतात, जो 1963 मध्ये मलेशियात सामील झाला, तेथील कदाझान-दुसुन लोकांतही बीटा थॅलेसेमियाचे प्रमुख कारण हाच बीटा जनुकाचा लोप आहे. सरहद्दी काल-परवाच्या, लोप त्यांहून कितीतरी जुना. उलट खुद्द फिलिपाइन्सच्या सात हजारांहून अधिक बेटांवर एकच पाठ नाही. तेथे हे लोप आहेत, अक्षरबदल आहेत, आणि ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराची उणीव निर्माण करणारे वेगळेच भेदही आहेत. जनुकीय नोंद जितकी बारकाईने करावी तितकी ‘शुद्ध वंश’ ही कल्पना निराधार ठरत जाते. वंशवाद पोसला जातो तो ढोबळ ज्ञानावर.

मात्र कलंकाचे भय कल्पित नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेलची सार्वत्रिक तपासणी झाली, तेव्हा वाहकांना विवाहसंबंधात कमी लेखले जाऊ लागले; लोक आपली स्थिती लपवू लागले, आणि काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा वाहकांची वाहकांशी लग्ने तपासणीवाचून जितकी झाली असती तितकीच झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या वायुदल प्रबोधिनीने सिकलसेलच्या वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश नाकारला होता, आणि ते वाहक निरोगी तरुण होते. उलट सायप्रसमध्ये धर्मसंस्था, वैद्यक आणि रुग्णांचे पालक यांनी एकत्र येऊन विवाहापूर्वी तपासणीचा दाखला घेण्याची चाल पाडली, निर्णय मात्र दांपत्यावर सोडला, आणि बीटा थॅलेसेमियाचे नवे रुग्ण जन्मण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आणले. तपासणी सर्वत्र सारखीच होती. फरक पडला तो तिच्याबरोबर दिल्या गेलेल्या, किंवा न दिल्या गेलेल्या, समजुतीच्या शब्दांनी.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ज्या देशात क्षय आहे, कुपोषण आहे, तेथे जनुकांच्या लोपांची मोजदाद ही चैन नव्हे काय? फिलिपाइन्सनेच याला कृतीने उत्तर दिले आहे. 1996 मध्ये मनिलात प्रायोगिक रूपाने सुरू झालेल्या नवजात-तपासणीला 2004 च्या कायद्याने राष्ट्रीय स्वरूप आले. मूल साधारण एक दिवसाचे झाले की टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घेतले जातात, कागद वाळतो, आणि तपासणी-केंद्राकडे रवाना होतो. धार्मिक कारणासाठी पालकांना नकार देता येतो, पण तो लेखी द्यावा लागतो. आरंभीच्या मोजक्या रोगांतही वर सांगितलेल्या विकराची उणीव समाविष्ट होती; असे मूल आढळले तर त्याला प्रायमाक्विनसारखी औषधे देऊ नयेत, घरात डांबरगोळ्या ठेवू नयेत, एवढे सांगण्याने तीव्र रक्तनाश टळू शकतो, आणि या सांगण्याला खर्च कसला? 2014 नंतर तपासणीचा विस्तार झाला व हिमोग्लोबिनचे विकारही यादीत आले. हिशेबच करावयाचा तर थॅलेसेमियाच्या एका मुलाला आयुष्यभर पुरवावे लागणारे रक्त, लोहनिस्सारक औषधे, आईबापांचा बुडालेला रोजगार, हे सारे एका पारड्यात आणि वेळीच केलेली तपासणी दुसऱ्यात घालून पाहावे. चैन कोणती आणि काटकसर कोणती याचा निवाडा करण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

या साऱ्याशी मराठी वाचकाचा संबंध दूरचा नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण एक अक्षरबदल आहे. पण सिंधी समाजात 619 अक्षरांचा एक लोपही बऱ्याच प्रमाणात सापडतो, आणि फाळणीनंतर उल्हासनगर-मुंबईकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांची तपासणी करताना तो विसरून चालत नाही. सिकलसेलचा तपशील आणखी बोलका आहे. मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांविषयी नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी 1958 मध्येच लिहिले होते. तोच अक्षरबदल आफ्रिकेत आहे, विदर्भात आहे, आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरही आहे. पण भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बहुधा अधिक टिकून राहते, कित्येक आदिवासी समूहांत जोडीला अल्फा लोपही असतो, आणि त्यामुळे रोगाची तीव्रता व लक्षणे आफ्रिकी रुग्णांवरून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांशी तंतोतंत जुळत नाहीत. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची जी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तिचे यश किती रंगीत ओळखपत्रे वाटली यावर मोजणे सोपे आहे. ते कार्ड हातात पडलेल्या तरुणाला त्याचा अर्थ त्याच्या बोलीत कोणी समजावून दिला काय, यावर ते मोजले पाहिजे.

कोणी म्हणेल, आता जनुकसंपादनाचे युग आले; ब्रिटन-अमेरिकेत 2023 मध्ये पहिल्या अशा उपचाराला मान्यता मिळाली; मग या नोंदींचा खटाटोप कशाला? पण त्या उपचाराची अमेरिकेतील किंमत 20 लाख डॉलरांहून अधिक आहे, आणि लुझोनमधील शेतमजुराच्या किंवा धडगावच्या आदिवासीच्या आवाक्यात ती कधी येईल हे सांगवत नाही. तोपर्यंत त्यांच्या हाती अचूक निदान, वेळेवर सल्ला आणि अखंड रक्तपुरवठा एवढीच साधने आहेत, आणि यांतील पहिली दोन आपल्या लोकांच्या रक्ताचे पाठभेद माहीत असण्यावर सर्वस्वी अवलंबून आहेत. म्हणून परक्या यादीवरून आपल्या मुलांना निरोगी ठरविणारी प्रयोगशाळा विश्वासार्ह मानता येणार नाही. आणि ज्या राज्याने एक दिवसाच्या मुलाच्या टाचेतून रक्त घेतले, त्याने त्या मुलाच्या आईला तिच्या भाषेत, तिला समजेल असे उत्तर दिल्याखेरीज आपले कर्तव्य पार पाडले असे समजू नये.